लिमिट सॅम्पल

सकाळी सव्वापाच वाजता एनजी फ्रिजसमोर येऊन बसली, मान वर करून तिने फ्रिजच्या माथ्याकडे बघितलं, मागचे पाय गोळा केले, शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाडली, आणि उडी मारली नाही. झालं ते एवढंच. अजिंक्य एक मोजा पायात आणि एक हातात असा स्टुलावर बसला होता, तो तसाच बसून राहिला. गेली दोन वर्षं ही मांजरी रोज याच वेळेला जमिनीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फ्रिजवर जायची आणि तिथून त्याची कामावर जायची तयारी बघायची. फ्रिज तिच्या मालकीचा होता, अजिंक्य त्यात फक्त दूध ठेवायचा. रात्रीतून फ्रिजची उंची वाढली असेल का, हा विचार त्याने अर्धा मिनिट प्रामाणिकपणे केला. मग म्हणाला, आज हिचा मूड नसेल. मग म्हणाला, आज गुरुवार आहे. गुरुवारचा आणि उडीचा संबंध काय हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण कारण सापडलं की मोजा चढवता येतो, तसा तो चढला. दार ओढून, कुलूप लावून तो जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन त्याने कुलूप उघडून आत डोकावलं. ती अजून वरच बघत होती, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसासारखी: आत जायचं नाही, पण नजर कळसावर.

कंपनीच्या बसमध्ये रावेतहून चाकणपर्यंत सगळे झोपतात. अजिंक्यही झोपायचा, आज त्याला झोप येईना. तळवड्याच्या चौकात बस कंटेनरांच्या मध्ये नेहमीसारखी रुतली तेव्हा तो समोरच्या सीटच्या पाठीवर पडलेल्या चिरेकडे बघत होता आणि ही चीर काल होती का, हे आठवत होता. त्याचं कामच ते. ब्रेकचे लोखंडी ब्रॅकेट बनवणाऱ्या एका कंपनीत तो शेवटच्या तपासणीला बसायचा. चांगल्या नगाला हिरवं लेबल, ओके. वाईट नगाला लाल लेबल, एनजी, म्हणजे नॉट गुड, आणि असा नग लाल पेटीत. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने लाल पेटीत नग टाकला तेव्हा पेटी म्याँव म्हणाली. आत, तेलकट ब्रॅकेटांच्या फटीत, मुठीएवढं करडं पिल्लू बसलं होतं. शिफ्टचा इनचार्ज रणजीत म्हणाला, "राव, तुझ्या पेटीतलं आहे, तूच निस्तर." संध्याकाळी तो पिल्लू खिशात घालून निघाला, तर गेटवर भिमाजींनी अडवलं. कंपनी उभी आहे त्या जागी पूर्वी भिमाजींचा कांदा असायचा. जमीन गेली, आणि आता ते शिट्टी अडकवून त्याच जमिनीची राखण करत होते, त्यामुळे तिथून काडीही बाहेर जाताना त्यांचा जीव दुखायचा.

"खिशात काय हाय?"

"मांजराचं पिल्लू."

"कुठनं घावलं?"

"लाल पेटीतनं."

"मंग ते स्क्रॅप झालं की. स्क्रॅप पासबिगर भाईर जात न्हाई."

म्हणून गेट पास बनला. वर्णन: मांजर. नग: एक. अवस्था: एनजी. प्रकार: नॉन-रिटर्नेबल. रणजीतची सही, भिमाजींचा शिक्का. तो पास अजिंक्यने अजून पाकिटात ठेवला होता, आधारकार्डामागे. नाव ठेवायला मग वेगळं डोकं चालवावं लागलं नाही.

लाइनवर उभं राहिलं की मात्र विचार चार सेकंदांचेच करता येतात, कारण एका नगाला चार सेकंद असतात. नग उचला, ट्यूबखाली धरा, तिरका करा, ठेवा. त्याच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती आणि पाटीवर तारेने बांधलेले तीन ब्रॅकेट. डावीकडचा आरशासारखा स्वच्छ. उजवीकडचा सरळसरळ ओरखडलेला. मधला होता तो लिमिट सॅम्पल: त्याच्यावर एक फिकट ओरखडा, आणि खाली साहेबांची सही, की इतपत चालेल. सगळे वाद त्या मधल्यापाशी मिटायचे. नवी पोरं स्वच्छ आणि खराब ओळखायला आठवड्यात शिकत. पण "इतपत चालेल" हे ओळखायला वर्षं लागतात, आणि ते अजिंक्यला फार छान जमायचं. तसं ते त्याला लहानपणापासूनच जमत होतं. तो दहा वर्षांचा असताना सांगवीच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी त्याला केसाएवढी चीर दिसली होती. त्याने ती नीट बघितली आणि कुणालाही सांगितलं नाही. का, ते आठवत नाही. बहुतेक खाली जेवायला बोलावलं होतं. टाकी अजून फुटलेली नाही. सतरा वर्षं तो तिच्या फुटण्याची वाट बघतोय. आईचा फोन आला की पहिलं वाक्य होईपर्यंत त्याचा श्वास अडकलेला असतो. ती "जेवलास का" म्हणाली, की कळतं, अजून नाही.

आणि ती दुसरी रेघ. ती आज एकेका ब्रॅकेटवर दिसत होती. सात महिन्यांपूर्वी एनजीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करायचं म्हणून तो तिला वाकडला डॉक्टर मिनल यांच्याकडे घेऊन गेला होता. त्यांनी आधी रक्ताचा थेंब एका पांढऱ्या पट्टीवर टाकला. पट्टीवर दोन खुणा, सी आणि टी. सीपाशी रेघ उमटली की पट्टी चांगली. टीपाशीही उमटली तर मांजराच्या रक्तात ल्युकेमियाचा विषाणू. सीची रेघ ठसठशीत आली. टीपाशी काहीतरी आलं. पावसात वाळत घातलेल्या कपड्यावर राहतो तसला डाग म्हणा, किंवा डाग असल्याची अफवा.

"फिकट आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण आहे."

अजिंक्यने पट्टी त्यांच्या हातातून घेतली, ट्यूबखाली धरली, तिरकी केली. चार सेकंद. "मॅडम, हे चालण्यासारखं आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला पट्टी खाली ठेवावी लागली. मग त्यांनी समजावलं. हा विषाणू लाळेतून पसरतो, चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातून. कधी शरीर त्याला दाबून टाकतं, कधी नाही. महिन्याने परत तपासू, ऑपरेशन तोवर थांबवू, आणि तोपर्यंत दुसऱ्या मांजरांपासून हिला वेगळी ठेवा. अजिंक्यने मान डोलावली. त्याची मान फार चांगली डोलते. रणजीत म्हणतो, कस्टमर ऑडिटला फक्त तुझी मान पाठवली तरी आपण पास होऊ.

दुसरं मांजर म्हणजे शहजादी. समोरच्या फ्लॅटमधल्या हसीनाचाचींची. दोन्ही बाल्कन्यांमध्ये एक वितीचं अंतर होतं, ते शहजादी दिवसातून वीसदा ओलांडायची, आणि दोघी अजिंक्यच्या स्टीलच्या ताटलीत डोक्याला डोकं लावून खायच्या, मग एकमेकींचे कान चाटत पडायच्या. डॉक्टरांकडून आल्यावर त्याने बाल्कनीचं दार बंद केलं. एनजी दारापाशी बसून ओरडायला लागली. पलीकडून शहजादी ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी चाची विचारायला आल्या, "काय रे, भांडण झालं का आपलं?" आणि तो म्हणाला, "छे हो चाची, वारा येत होता." आणि दार उघडलं. महिना झाला. क्लिनिकमधून फोन आला, तो लाइनवर होता. परत आला, तो बसमध्ये होता. एनजी खात होती, खेळत होती, फ्रिजवर चढत होती. प्रत्येक दिवस हिरवं लेबल लावून पुढे जात होता.

साडेदहाला खिशातला फोन थरथरला. लाइनवर फोन घ्यायची बंदी, त्याने घेतला. चाची होत्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची.

"अजिंक्य, तुझी मांजर तोंड उघडून श्वास घेतेय रे. कुत्र्यासारखी. मांजर असं करतं का?"

"नाही करत."

"मग ही का करतेय?"

त्याच्या हातातून एक नग न बघता पुढे गेला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो चाचींना वाकडचा पत्ता सांगत होता आणि तो नग हिरव्या पेटीत पडलेला बघत होता. मग त्याने ती पूर्ण पेटी लाइनवरून खाली ओढली, तिला होल्डचं पिवळं लेबल लावलं आणि रणजीतला म्हणाला, हे सगळं परत बघायला लागेल, मी जातोय.

गेटवर भिमाजींनी हात आडवा केला. "पास?"

"भिमाजी, मांजर आजारी आहे."

"कोन्चं? आपलं ते, स्क्रॅपमदलं?"

"हो."

भिमाजींनी शिट्टी छातीवरून काढून खिशात घातली, जणू दुखवटाच. "दोन वर्सं चाललं व्हय," ते म्हणाले. "लाल पेटीतला माल येवढा चालत न्हाई कुटं." आणि गेट उघडलं. पास राहिला.

वाकडला पोचेपर्यंत त्याने दोन टेम्पो आणि एक रिक्षा बदलली. क्लिनिकच्या बाकावर हसीनाचाची बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून एनजीचं डोकं बाहेर, कोथिंबिरीच्या जुडीसारखं. तिची कूस भात्यासारखी हलत होती. अजिंक्य आल्यावर तिने त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ती नेहमीच काढून घ्यायची, पण आज त्याला ते लागलं.

एक्स-रे काचेवर लागला. मागून उजेड. हे त्याला ओळखीचं होतं, उजेडासमोर नग धरणं. तो आपोआप पुढे झाला.

"इथे हृदय दिसायला हवं," डॉक्टर मिनल म्हणाल्या. "दिसतंय?"

"नाही."

"कारण त्याच्यासमोर हे आहे." सगळं पांढरं होतं. "छातीत गाठ आणि भोवती पाणी. पाणी मी आत्ता काढते, तिला जरा मोकळं वाटेल. त्याचा नमुना बघू, पण हा लिम्फोमाच असणार. या विषाणूने एवढ्या तरुण मांजरांत असाच होतो."

"कॅन्सर," चाची म्हणाल्या, सोसायटीत हा शब्द म्हणतात तेवढ्याच आवाजात.

अजिंक्य पांढऱ्याकडे बघत होता. इथे चार सेकंदांचीही गरज नव्हती. हे त्याच्या आईलासुद्धा गच्चीवर न जाता दिसलं असतं. "रीवर्क होत नाही का?" त्याने विचारलं, खराब नग दुरुस्तीला पाठवताना विचारतात तसं, आणि आपण काय विचारलं हे त्याला उशिरा ऐकू आलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. "गोळ्यांवर काही आठवडे. इंजेक्शनं दिली तर काही महिने, तेही तिच्या शरीराने साथ दिली तर. बरी नाही होणार."

"बाई," चाचींनी विचारलं, "हे आपल्याला लागतं का?"

"माणसाला नाही. कॅन्सर मांजराचा मांजरालाही लागत नाही. लागतो तो विषाणू." डॉक्टरांनी फाइल उघडली. "हिच्यासोबत दुसरं मांजर नाही ना?"

अजिंक्यला माणसाला लागत नाही याचं थोडं वाईट वाटत होतं. लागत असतं तर हिशोब सरळ झाला असता.

"आहे की," चाची म्हणाल्या. "माझी शहजादी. एकाच ताटलीत जेवतात दोघी. बहिणीच म्हणा ना."

डॉक्टरांनी फाइलमधली ओळ मोठ्याने वाचली. मुद्दाम नसेल वाचली. पण खोली छोटी होती. "फिकट पॉझिटिव्ह. इतर मांजरांपासून वेगळी ठेवणे. महिन्याने तपासणी. दोनदा फोन केला, आले नाहीत."

चाचींनी भाजीची पिशवी घडी करायला घेतली. चार घड्या घातल्या, परत उलगडली.

"अजिंक्य. तुला ठाऊक होतं?"

"चाची, रेघ फिकट होती."

"मी रेघेचं नाही विचारलं."

परत येताना रिक्षात एनजी चाचींच्याच मांडीवर होती. छातीतलं पाणी निघालं होतं, ती झोपली होती, आणि अजिंक्यने हात पुढे केला तेव्हा चाचींनी पदर तिच्यावर ओढून घेतला. भूमकर चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. चाची बाहेर बघत म्हणाल्या, "ईदला तू माझ्या घरी शीरखुर्मा खाल्लास."

"हो."

"दोन वाट्या."

"हो."

"तेव्हाही ठाऊक होतं."

सिग्नल सुटला. एवढंच बोलणं झालं, आणि त्या रात्री अजिंक्यला ऊठसूट त्या दोन वाट्या आठवत राहिल्या; तिसरी पण घेतली होती, ती चाची मोजायला विसरल्या, की मुद्दाम सोडून दिली, हे त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. शहजादीला तपासायला न्यायचं, हे त्याला माहीत होतं. आपल्याला बोलवणार नाहीत, हेही माहीत होतं. दहा वाजता बेल वाजली. दारात चाची, पिशवीत शहजादी, तिचं गुबगुबीत तोंड रागावलेलं.

"चल," चाची म्हणाल्या. "पोरगा माझा, रियाज, गॅरेज सोडून येत नाही, आणि मला ती पट्टी बघता येत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तू बघ."

"मी?"

"रोज बघायचाच पगार घेतोस ना? पण माझ्याशी खोटं बोललास तर मला आवाजावरून कळेल. कानांत मोतीबिंदू नाही माझ्या."

डॉक्टरांनी थेंब टाकला, पट्टी टेबलावर ठेवली आणि पलीकडच्या खोलीत ओरडणाऱ्या कुत्र्याकडे गेल्या. दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकेक उडी मारत होता. अजिंक्यला त्याचा राग आला. सीची रेघ उमटली, लालबुंद, वेळेआधी कामावर येणाऱ्या माणसासारखी आगाऊ. टीपाशी पांढरं. सात मिनिटं पांढरं. तो मनात म्हणाला, ओके. त्याचा हात आपोआप उजव्या बाजूला गेला, जिथे लाइनवर हिरवी लेबलं असतात, आणि तिथे शहजादीची शेपटी होती. मग त्याने पट्टी उचलली. उचलायला नको होती. ट्यूबखाली धरली, तिरकी केली, आणि पांढऱ्याच्या आत आणखी एक पांढरं असावं, त्याला किंचित लाज वाटत असावी, असं काहीतरी दिसलं. सरळ धरलं की नाही. तिरकं धरलं की होतं. हे जगात फार थोड्या माणसांना दिसलं असतं. ही नजर बनवायला कंपनीने सहा वर्षं खर्ची घातली होती, आणि त्याच सहा वर्षांत हे दिसलं तरी कसं सोडायचं, तेही शिकवलं होतं.

"एकच आहे ना?" चाची पट्टीच्या अगदी जवळ डोळे नेऊन म्हणाल्या. "मला तर एकच दिसते. एकच आहे ना रे?"

त्यांच्या आवाजात विनवणी होती. हे त्याला आवाजावरून कळलं. कुत्रा पलीकडे ओरडत होता. शहजादीने टेबलावर अंग सैल सोडलं होतं, निरोगी, चकचकीत, डाव्या बाजूच्या ब्रॅकेटसारखी. एक शब्द. एक शब्द म्हटला तर आजचा दिवस पुढे जाणार होता, उद्याचाही, आणि कुठेतरी गच्चीवर केसाएवढी चीर आणखी थोडी रुंदावणार होती.

"दुसरी आहे," तो म्हणाला.

"कुठाय?"

"फिकट आहे. पण आहे."

चाची खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या शहजादीच्या कानामागे खाजवत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या. मग परत, "बरं," जणू पहिलं कुणाला तरी दुसऱ्यालाच म्हटलं होतं.

डॉक्टर आल्या, त्यांनी पट्टी बघितली, अजिंक्यकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली. शहजादी आज ठणठणीत आहे, कदाचित वर्षानुवर्षं राहील, दर काही महिन्यांनी तपासायची. पण लॅबचा रिपोर्ट पाच दिवसांनी येईल, तेव्हा नक्की कळेल. तोवर दोघी वेगळ्या. आज तरी ऐका. अजिंक्यने ऐकलं. त्याने संध्याकाळी बाल्कनीला वरपासून खालपर्यंत जाळी मारली, दर चार बोटांवर एक प्लॅस्टिकची पट्टी आवळून. कंपनीतही एवढं पक्कं काम त्याने कधी केलं नव्हतं. पाच दिवस दोघी जाळीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. एनजीला गोळी सुरू झाली होती, तिला श्वास घेता येत होता, ती थोडं खातही होती. आणि रोज सकाळी सव्वापाच वाजता ती फ्रिजसमोर येऊन बसायची, वर बघायची, पाय गोळा करायची. अजिंक्य स्टुलावर बसून बघायचा. उडी मारली तर गोळी लागू पडली. नाही मारली तर नाही. पाच दिवस तो मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नाही, नाही, नाही, नाही, नाही असं लिहीत गेला.

सहाव्या दिवशी तो शिफ्टहून आला तेव्हा बाल्कनीतून कटकट आवाज येत होता. पलीकडच्या बाजूने हसीनाचाची रियाजच्या गॅरेजमधल्या पक्कडीने त्याच्या पट्ट्या तोडत होत्या. एकेक पट्टी तुटून खाली पार्किंगमध्ये पडत होती.

"रिपोर्ट आला," त्या म्हणाल्या. "आहे. तुझी नजर बरोबर." कट. "डॉक्टरणीला विचारलं, आता एकत्र राहिल्या तर चालेल का. चालेल म्हणाली." कट. "आता वेगळं ठेवून कुणाला वाचवायचंय?"

जाळी लोंबली. शहजादी त्यातून आली, अजिंक्यच्या पायांवरून गेली, स्वयंपाकघरात गेली, एनजीचा कान तिने एकदा चाटला, मग जमिनीवरून ओट्यावर, ओट्यावरून फ्रिजवर गेली आणि तिथून खाली बघत बसली. एनजीने मान वर केली. पाय गोळा केले. अजिंक्य स्टुलावर बसला आणि नकळत त्याने मोबाइल बाहेर काढला.

चाची दारातून आत आल्या होत्या, हातात पक्कड. त्यांनी मांजरीकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं, अजिंक्यकडे बघितलं.

"काय करतोयस?"

"बघतोय. उडी मारते का."

"रोज बघतोस?"

"रोज."

"या अल्ला," चाची म्हणाल्या. "अरे, उडी मारता येत नाही म्हणून बाईने वर बसूही नये का? उचलून ठेव की तिला!"

अजिंक्य उठला. त्याने तिला छातीखाली एक आणि मागच्या पायांखाली एक असा हात घालून उचललं. ती आता फार हलकी झाली होती. इतकी, की चाकणच्या गेटवरून तिला कुणीही पासशिवाय बाहेर जाऊ दिलं असतं. त्याने तिला फ्रिजवर ठेवलं. तिने जागा हुंगली, शहजादीला थोडं ढकललं, पाय पोटाखाली घेतले आणि दोन वर्षांच्या सवयीने खाली त्याच्याकडे बघायला लागली, आज हा काय काय विसरलाय ते.